प्रकरण ४८ : फिनलंड, स्वीडन आणि कागदाची किंमत

सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक मालाला जकातीच्या दप्तरात एक क्रमांक असतो. १९८८पासून जगातल्या बहुतेक देशांनी त्यासाठी एकच सामायिक यादी स्वीकारली. तिचे ४४वे प्रकरण लाकडाचे, ४७वे लगद्याचे आणि रद्दीचे, ४८वे कागद-पुठ्ठ्याचे आणि ४९वे छापील मजकुराचे. झाडापासून पुस्तकापर्यंतचा सगळा प्रवास असा चार प्रकरणांत बसवलेला आहे. हा दिवाळी अंक एखाद्या परदेशातल्या वर्गणीदाराकडे गेला, तर तो ४९मध्ये मोडतो. ज्या कोऱ्या कागदावर तो छापला तो बाहेरून आलेला असेल, तर त्याची नोंद त्याआधीच ४८मध्ये झालेली असते.

या ४८व्या प्रकरणातले आकडे वाचणे तसे रुक्ष काम. पण दोन देशांच्या निर्यातमूल्याच्या रेषा शेजारी शेजारी काढल्या आणि त्या कुठवर सोबत चालतात, कुठे फाकतात हे पाहिले, की आकड्यांच्या मागे गावे, युद्धे, चलने आणि वाचकांच्या सवयी दिसू लागतात. त्यासाठी फिनलंड आणि स्वीडन यांच्याइतकी सोयीची जोडी दुसरी सापडणार नाही. दोघांच्या मध्ये बॉथनियाचे आखात. दोन्हीकडे स्प्रूस, पाइन आणि बर्चची तीच जंगले. थंडीमुळे झाड सावकाश वाढते आणि सूचिपर्णी झाडांचा लांब तंतू कागदाला बळकटी देतो. गिऱ्हाईकही तेच : आधी ब्रिटन, मग जर्मनी. दोघेही १ जानेवारी १९९५ या एकाच दिवशी युरोपीय संघात गेले. १९८०मध्ये दोघांचे कागद-पुठ्ठ्याचे उत्पादन जवळजवळ सारखे, वर्षाला साठ लाख टनांच्या आसपास होते. त्यानंतर फिनलंड पुढे गेला. २००६-०७मध्ये त्याने १ कोटी ४० लाख टनांचा टप्पा ओलांडला, तेव्हा स्वीडन १ कोटी २० लाखांच्या आसपास होता. फिनलंडची लोकसंख्या स्वीडनच्या जेमतेम निम्मी आहे, हे लक्षात घेतले की ही झेप किती मोठी होती ते कळते. आज मात्र फिनलंडची रेषा स्वीडनच्या खाली आहे, आणि तिची घसरण स्वीडनपेक्षा कितीतरी तीव्र आहे.

याचे एक तयार उत्तर २०१४मध्ये फिनलंडचे तेव्हाचे पंतप्रधान अलेक्झांडर स्टुब यांनी देऊन ठेवले होते. आयफोनने नोकिया बुडवली आणि आयपॅडने आमचा कागद, अशा अर्थाचे ते बोलले. वाक्य चटकदार होते, जगभर छापून आले. (कागदावरही.) पण आयपॅड स्वीडनमध्येही विकला जात होता. एकाच वाऱ्याने एका घराचे छप्पर उडाले आणि शेजारच्या घराची काही कौलेच गेली, तर वाऱ्यापेक्षा घरांच्या बांधणीकडे पाहावे लागते.

ही बांधणी दीडशे वर्षांची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद चिंध्यांपासून होत असे आणि चिंध्या कधीच पुरत नसत. सॅक्सनीत केलर नावाच्या विणकराने १८४०च्या दशकात लाकूड दगडावर घासून त्याचा लगदा करण्याची युक्ती काढली आणि जंगलांच्या देशांचे नशीब पालटले. फिनलंडमध्ये १८६५ साली फ्रेड्रिक इडेस्टाम या खाणअभियंत्याने टाम्पेरे इथल्या धबधब्यावर असा कारखाना उभा केला. पुढे तो जवळच्या नोकिया नदीकाठी पसरला आणि त्या गावाचे नाव कंपनीला मिळाले. होय, तीच नोकिया. शंभराहून जास्त वर्षे ती कागद करत होती.

तेव्हा फिनलंड रशियन साम्राज्यातले एक स्वायत्त संस्थान होते. सेंट पीटर्सबर्ग अगदी जवळ. रशियात फिनिश कागदाला जकातीत सवलत मिळे आणि राजधानीतल्या वर्तमानपत्रांची भूक मोठी होती. त्यामुळे फिनलंड लगद्यावर न थांबता सुरुवातीपासूनच छपाईच्या कागदाकडे वळला.

आखाताच्या पलीकडे स्वीडनने वेगळी वाट धरली. १८७४मध्ये कार्ल डॅनियल एकमन याने बर्गविक इथे जगातला पहिला सल्फाइट लगद्याचा कारखाना चालू केला. लाकूड नुसते न घासता रसायनात शिजवायचे, म्हणजे तंतू न तुटता सुटे होतात. स्वीडन हा लगदा ब्रिटिश कागद गिरण्यांना विकू लागला आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान जगातल्या सर्वांत मोठ्या लगदा निर्यातदारांमध्ये गणला गेला. दुसरी एक गोष्ट १८८५ साली योंशोपिंगच्या मुंक्शो कारखान्यात घडली. लगद्याचा एक घाणा नीट शिजला नाही. तो टाकून देण्याऐवजी त्याचा कागद काढून पाहिला, तर तो तपकिरी, खरखरीत आणि फाडता फाटेना असा निघाला. त्याला नाव पडले क्राफ्ट, म्हणजे ताकद. सिमेंटच्या पिशव्या, किराण्याच्या पुड्या, खोक्यांचे बाहेरचे आवरण हे सगळे त्या अर्धकच्च्या घाण्याचे वंशज. त्या कागदावर कुणी काही वाचणार नव्हते. त्यात काहीतरी गुंडाळायचे होते.

एकाचे गिऱ्हाईक वाचणारे आणि दुसऱ्याचे बांधणारे, असा हा फरक मुळापासून दिसतो. मी तो मुद्दाम ठळक करतो आहे. स्वीडननेही वृत्तपत्री कागद भरपूर केला आणि फिनलंडनेही पुठ्ठा केला. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेला वेर्ला इथला जुना फिनिश कारखाना तर पुठ्ठ्याचाच होता. प्रश्न कुणाचा भार कशावर जास्त होता एवढाच आहे.

१९१७मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला आणि त्याच घडीला त्याची रशियन बाजारपेठ बंद झाली. ज्या कारखान्यांचा माल काल पीटर्सबर्गला जात होता, त्यांना आता लंडनमध्ये अनोळखी दारे वाजवायची होती. १९१८मध्ये त्यांनी विक्रीसाठी एक सामायिक संघ काढला. परदेशात तो पुढे फिनपॅप म्हणून ओळखला गेला. कारखाने अनेक, पण परदेशी मुद्रकाशी बोलणारे तोंड एकच, ही पद्धत सत्तरहून अधिक वर्षे टिकली. तिच्यामुळे लहान देशाला मोठ्या प्रकाशकांपुढे उभे राहण्याचे बळ आले. माझ्या मते तिच्यामुळेच फिनिश कारखाने एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकाला जास्त घट्ट बांधले गेले.

मग युद्ध. एप्रिल १९४०मध्ये जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर हल्ला केला आणि बाल्टिकमधून अटलांटिककडे जाणारा जलमार्ग बंद झाला. ब्रिटिश वर्तमानपत्रे आकसत चार पानांवर आली. आपल्याकडे वृत्तपत्री कागद तेव्हा होतच नव्हता. नेपानगरचा कारखाना सुरू व्हायला पन्नाशीचे दशक उजाडावे लागले. त्यामुळे उत्तर युरोपचा कागद थांबल्याची झळ हिंदुस्थानातल्या छापखान्यांनाही लागली. युद्धकाळातल्या मराठी नियतकालिकांची ती रोडावलेली, पिवळट, खरखरीत पाने ज्यांनी ग्रंथालयात चाळली असतील त्यांना त्या कागदटंचाईचा स्पर्श आठवेल.

स्वीडन तटस्थ राहिला आणि त्याचे कारखाने शाबूत राहिले. फिनलंडने सोव्हिएत संघाविरुद्ध दोन युद्धे हरून जवळपास दहावा हिस्सा भूमी गमावली. तिच्यात कारेलियातले अनेक लगदा-कागद कारखाने होते. एन्सो हे त्यातलेच एक कारखान्याचे गाव. ते सोव्हिएत हद्दीत गेले आणि त्याचे नाव बदलून स्वेतोगोर्स्क झाले. कंपनी मात्र उरलेल्या फिनलंडमध्ये एन्सो हेच नाव लावत राहिली. १९९८मध्ये तिचे स्वीडनच्या स्टोरा या कंपनीशी विलीनीकरण झाले. स्टोरा हे नाव फालूनच्या तांब्याच्या डोंगरावरून आलेले, आणि त्या खाणीच्या हिश्श्याचा एक दस्तऐवज १२८८ सालचा आहे. आज जगभरच्या खोक्यांवर दिसणाऱ्या ‘स्टोरा एन्सो’ या नावात एक संपलेली खाण आणि एक हरवलेले गाव शेजारी बसले आहेत.

हरलेल्या फिनलंडवर ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई बसली, आणि ती रोखीने नव्हे तर मालाच्या रूपात द्यायची होती. निम्म्याहून जास्त माल जहाजे, यंत्रे आणि केबल असा मागितला गेला. शेतकरी-लाकूडतोड्यांच्या देशाला यंत्रे करायला शिकणे भाग पडले. शेवटचा हप्ता १९५२मध्ये फिटला तेव्हा हातात कारखाने होते आणि कारागीर होते, पण मागणी संपली होती. युवास्कुला इथल्या एका सरकारी तोफखान्याच्या कारखान्याने मग कागदाची यंत्रे करायला घेतली. तीच पुढची वाल्मेट, कागदयंत्रांतले जगातले एक अग्रगण्य नाव. देशात लाकूड, देशातच यंत्रे, देशातच अभियंते आणि विक्रीला सामायिक संघ. शिवाय सोव्हिएत संघाशी करार असा, की तेलाच्या बदल्यात जहाजे आणि कागद. फिनलंडच्या निर्यातमूल्याचा पाया या गोष्टींवर उभा राहिला. पन्नाशीच्या दशकात त्याच्या एकूण निर्यातीत लाकूड आणि लाकडापासून होणाऱ्या मालाचा वाटा चार पंचमांशाच्या आसपास होता. स्वीडनकडे पोलाद होते, बेअरिंग होती, मोटारी होत्या. कागदाचा भाव पडला तर स्वीडनमध्ये एका उद्योगाला पडसे होई. फिनलंडमध्ये सरकारला ताप येई आणि त्यावर ठरलेले औषध दिले जाई : मार्काचे अवमूल्यन. १९४९, १९५७, १९६७... दर दहा वर्षांनी कागद गिरण्यांना परवडावे म्हणून देशाचे चलन स्वस्त केले जाई आणि सगळ्या जनतेच्या आयात वस्तू महाग होत.

इथे मूल्याच्या रेषा वाचताना घ्यायची एक काळजी सांगितली पाहिजे. आंतरराष्ट्रीय तक्ते बहुधा डॉलरमध्ये असतात. १९८५ ते १९८७ या काळात या दोन्ही देशांची कागद निर्यात डॉलरमध्ये अचानक उसळलेली दिसते. कारखान्यांनी काही चमत्कार केला नव्हता. १९८५मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात झालेल्या समझोत्यानंतर डॉलर घसरला होता. उलट अवमूल्यनाच्या वर्षी टन वाढूनही डॉलरचा आकडा खाली दिसू शकतो. म्हणून टनांचा आकडा हाताशी नसेल तर मूल्याच्या रेषेवर फार भरवसा ठेवू नये.

तरीही ऐंशीच्या दशकातली वाढ खरी होती. सत्तरीत या दोन्ही देशांनी युरोपीय समुदायाशी मुक्त व्यापाराचे करार केले. पण कागद हा ‘नाजूक’ माल मानून त्यावरची जकात हळूहळू उतरवली गेली आणि १ जानेवारी १९८४ रोजी ती पूर्ण संपली. जर्मन आणि ब्रिटिश मासिकांची दारे उघडली. तो रंगीत मासिकांचा आणि जाहिरातींचा सुवर्णकाळ होता. या मासिकांना हवा होता पातळ, हलका आणि तरीही गुळगुळीत कागद : लाकडाच्या लगद्यावर पांढऱ्या मातीचा लेप दिलेला. आपण ज्याला चकचकीत पान म्हणतो, त्याच्या वजनात मातीचा भाग बराच मोठा असतो. फिनलंडने सगळी ताकद तिकडे लावली. ही यंत्रे आठ-दहा मीटर रुंद, मिनिटाला दीड किलोमीटरच्या पुढे कागद ओढणारी. अशा एका यंत्राची किंमत कोट्यवधी युरोंत जाते आणि ते तीस-चाळीस वर्षे चालेल अशा हिशेबाने बसवलेले असते. ते विकत घेणारा माणूस खरे तर चाळीस वर्षांनंतरही लोक मासिके वाचतील अशी पैज लावत असतो.

स्वीडनच्या बाजूला त्याच काळात दूध होते. १९५१मध्ये लुंड इथे रूबेन राउसिंग यांनी टेट्रा पॅक काढली. पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकचा पातळ थर देऊन त्यात दूध भरायचे, ही कल्पना जगभर गेली. पुण्याजवळ चाकणलाही या कंपनीचा कारखाना आहे. आपल्याकडच्या ताकाच्या नि फळांच्या रसाच्या डब्यांचा पुठ्ठा हा या गोष्टीचाच एक दूरचा धागा. दुधाच्या पुठ्ठ्याला स्वच्छ, ताकदवान, लांब तंतू लागतो आणि त्यात स्वीडिश कारखाने मुरले. आखातापलीकडे फिनलंडच्या इमात्रानेही हे काम मोठ्या प्रमाणावर केले. पण फिनलंडच्या एकूण ढिगात ते मासिकांच्या आणि कार्यालयांच्या कागदाखाली झाकलेले राहिले.

या काळात फिनिश गिरण्यांना नाव ठेवणारे फारसे कुणी नव्हते. २०००मध्ये स्टोरा एन्सोने अमेरिकेतली विस्कॉन्सिनची कन्सोलिडेटेड पेपर्स ही मोठी कंपनी घेतली आणि सात वर्षांत तो उत्तर अमेरिकी पसारा बऱ्याच कमी किमतीला विकून टाकला. १९९९मध्ये फिनलंड युरोच्या व्यवस्थेत गेला. स्वीडनने २००३च्या सार्वमतात युरो नाकारला. दहा वर्षांचे ते जुने औषध आता फिनलंडच्या कपाटात उरले नव्हते. २००८-०९च्या संकटात स्वीडिश क्रोन घसरला आणि त्या घसरणीने स्वीडनच्या गिरण्यांना थोडा श्वास घेऊ दिला. फिनिश गिरण्यांना किंमत कमी करायची तर ती पगारात किंवा माणसांत कमी करावी लागणार होती.

ती माणसांत झाली. २००६मध्ये वोइक्का बंद झाले, २००८मध्ये सुम्मा आणि कायानी. फिनलंडमध्ये कागदाचा कारखाना म्हणजे बहुधा एक गाव असते : धबधबा, धुराडे, कामगारांची घरे, क्रीडांगण आणि तिसऱ्या पिढीचा नोकरदार. कारखाना गेला की घराची किंमत जाते आणि दुसऱ्या गावी जाण्याची सोयही त्याबरोबर जाते. सुम्माची इमारत २००९मध्ये गूगलने सुमारे ४ कोटी युरोंना घेतली. कागदासाठी समुद्राचे पाणी आणणारा बोगदा आता संगणक थंड ठेवतो. कायानीच्या आवारात युरोपातल्या सर्वांत बलाढ्य संगणकांपैकी एक, लुमी, बसवला आहे. वीज आणि थंड पाणी दोघांनाही हवे असते. माणसे मात्र त्या मानाने फार थोडी लागतात. आणि संगणकातून जी माहिती सीमेपार जाते, तिची नोंद ४८व्याच काय, या यादीच्या कुठल्याच प्रकरणात होत नाही.

स्वीडनची हानी झाली नाही असे नाही. सुंडस्वालच्या ओर्टविकन कारखान्याने २०२१च्या सुरुवातीला छपाईचा कागद सोडून लगदा धरला. १९०० सालापासून चालत आलेले क्वार्न्सव्हेडन त्याच वर्षी बंद पडले. ते बॅटरी करणाऱ्या एका नव्या कंपनीने घेतले आणि ती कंपनीच पुढे दिवाळखोरीत गेली. स्वीडनच्या सर्वांत प्रसिद्ध छापील वस्तूनेही हात टेकले. आयकिआची सूची २०१६मध्ये जगभर २० कोटी प्रतींत निघाली होती. डिसेंबर २०२०मध्ये कंपनीने ती कायमची थांबवल्याचे जाहीर केले. पण याच वर्षांत घरपोच खरेदीची खोकी वाढत होती, आणि ज्याच्या खात्यात पुठ्ठा जास्त, त्याची मूल्याची रेषा तगून राहिली.

यावरून स्वीडन दूरदर्शी आणि फिनलंड आंधळा असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. १८८५चा तो बिघडलेला घाणा कुणी योजून बिघडवला नव्हता. राउसिंग मासिकांच्या मृत्यूची तयारी करत नव्हते. फिनलंडला रशियन वर्तमानपत्रांकडे भूगोलाने नेले, यंत्रनिर्मितीकडे पराभवाने आणि जर्मन मासिकांकडे १९८४च्या जकातीने. प्रत्येक पायरीवर त्यांचा निर्णय शहाणपणाचाच होता. शिवाय आता देशांची तुलना करणेच अवघड होत चालले आहे. स्टोरा एन्सो दोन्ही रकान्यांत आहे. स्वीडनमधला हूसुम इथला पुठ्ठ्याचा कारखाना फिनिश मेत्सा समूहाचा आहे, पण त्याचा माल स्वीडनच्या निर्यातीत मोजला जातो. यूपीएम ही फिनिश कंपनी उरुग्वेत निलगिरीचा लगदा करते. त्याचा नफा हेलसिंकीला येतो, मात्र त्या लगद्याच्या निर्यातीची नोंद उरुग्वेच्या नावावर असते. कंपनीचे भले आणि वोइक्कासारख्या गावाचे भले एकाच रेषेवर होते तो काळ संपला. व्यापारमूल्याच्या तक्त्याला हे दाखवता येत नाही.

फिनलंड आता उशिरा का होईना पुठ्ठ्याकडे वळला आहे. औलूच्या छपाई कागदाच्या जागी पुठ्ठा निघतो. केमी इथे २०२१मध्ये वेइत्सिलुओतो बंद झाले आणि दोनच वर्षांनी त्याच गावात मेत्सा समूहाचा प्रचंड नवा लगदा कारखाना सुरू झाला. लगदा चीनला जातो आणि तिथे त्याचा कागद होतो. म्हणजे फिनलंडच्या व्यापाराचा एक भाग ४८व्या प्रकरणातून मागे, ४७व्यात सरकला आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे स्वीडन उभा होता, ब्रिटिश गिरण्यांना लगदा विकत.

४८व्या प्रकरणाचा पहिलाच पोटक्रमांक, ४८०१, वृत्तपत्री कागदाचा आहे. पीटर्सबर्गच्या काळापासून तो फिनलंडचा हुकमी माल होता. ऑगस्ट २०२०मध्ये यूपीएमने काइपोला इथला कारखाना बंद करण्याची घोषणा केली. साडेचारशे माणसांचे काम गेले. देशात वृत्तपत्री कागद करणारा तो शेवटचा कारखाना होता. वर्ष संपता संपता यंत्रे थांबली आणि तेव्हापासून हेलसिंकीची वर्तमानपत्रे ज्या कागदावर छापली जातात, त्याची ४८०१मधली नोंद फिनलंडच्या खात्यात आयातीच्या बाजूला होते.